आजी बोलत असताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू जलरंगात काढलेली तुझ्या आजीची तिन्ही चित्रं मिळाली. फोनवर बघून समाधान होईना, म्हणून छापून आणली, भिंतीला लावली आणि दोन दिवस येता-जाता बघत राहिले. डोळे, नाक, कानातल्या कुड्या, कपाळावरचं गोंदण, सगळं जागच्या जागी आहे. तरी तू लिहितेस, ‘बाई, यात आजी नाही.’ तुझं म्हणणं बरोबर आहे.

तू आधी एक डोळा रंगवलास, मग दुसरा, मग नाक, मग ओठ. प्रत्येकाला वेगळी सावली आणि प्रत्येक सावलीला धारदार कड. जलरंगात चेहरा असा सुटा सुटा जमत नाही. आजीला खिडकीशी बसव, उजेड एकाच बाजूने येऊ दे, आणि डोळे किलकिले करून बघ. भुवईखालची खोबण, नाकाची बाजू, गाल, हनुवटीखालची मान हा सगळा अंधार मिळून एकच आकार झालेला दिसेल. तो भरल्या ब्रशने, एका दमात, वरून खाली उतरवायचा. बोर्ड थोडा तिरका ठेवलास की रंग खालच्या कडेला थेंब धरून राहतो. तोच थेंब पुढे ओढत न्यायचा. जाता जाता रंग बदल: कपाळाशी मातकट पिवळा यलो ऑकर, नाक-गाल-कानाशी विटकरी लाइट रेड, हनुवटीकडे जरा कोबाल्ट ब्लू. हे पॅलेटवर घोटू नकोस, कागदावरच एकमेकांत मिसळू दे. गडद जागांना तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि गडद निळा अल्ट्रामरीन पुरे. काळा लावलास की कातडी निर्जीव झालीच. आणि ती गुलाबट ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब बाजूला ठेव, आपल्या माणसांचा रंग तो नव्हे.

ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून पहिल्याच हाताला धीर करून गडद लाव. दुसरं चित्र मळलं ते याचमुळे: भीत भीत फिका थर दिलास आणि मग त्यावर चार-पाच थर चढवत गेलीस.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र कधीतरी म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये उभं राहून बघ. दिव्याआड हात धरलेली बाई, बोटांमधून झिरपणारा उजेड. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रासाठी उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. कागदावरचे जलरंग आहेत ते! चेहरा इतका उजळ का वाटतो, तर भोवतालचं सगळं त्यांनी दाबून धरलंय. तुझ्या चित्रात मागची भिंतही उजळ आणि गालही उजळ, मग उजेड दिसणार कशावर?

आता ओठांचे कोपरे. माणसाचा स्वभाव तिथे असतो, आणि तू तिथे रेघ ओढली आहेस. ओल्या कागदावरची चकाकी आधी ओसरू दे. हाताची पाठ जवळ नेलीस की नुसता गारवा जाणवेल, त्या क्षणी ब्रशचं टोक टेकव आणि उचल. ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर फुलकोबीसारखा डाग उठेल, म्हणून आधी फडक्याला टिपून घे. हा क्षण ओळखणं सरावाचंच काम. तुमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नाही. माझ्या नागपूरला मे महिन्यात तो निम्म्या वाटेतच वाळून जातो. तू तुझ्या हवेत शीक. आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेव. दमट हवेत सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा कागदावरचा लेप, खराब झालं की रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जातो.

तिसऱ्या चित्रात ‘अभिव्यक्ती’ म्हणून शिंतोडे उडवलेस, ओघळ सोडलेस. ते आजीबद्दल काहीच सांगत नाहीत. तूच पत्रात लिहिलं आहेस, की ऐकू कमी येतं म्हणून ती मान उजवीकडे कलवते आणि बोलताना एक डोळा बारीक करते. पत्रातल्या त्या दोन ओळींत मला ती दिसली! पण तिन्ही चित्रांत मान सरळ आहे आणि दोन्ही डोळे सारखे. फोटोसाठी बसवलेल्या बाईसारखी तू तिला बसवलीस.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, कागद महाग आहे, मला कल्पना आहे. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे आठ तुकडे कर. एका तुकड्यावर वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिले चार नुसत्या बर्न्ट सिएनात कर, फक्त मानेचा कल आणि सावलीचा आकार पकडायला. उजेडाकडचा गाल मागच्या भिंतीत हरवला तर हरवू दे, धारदार कड एकाच जागी ठेव, त्या बारीक केलेल्या डोळ्याशी.

आजीला गप्प बसायला सांगू नकोस. तिला माहेरच्या गोष्टी विचार, बोलू दे, हलू दे. आठही तुकडे, फसलेलेसुद्धा, मागे तारीख घालून पोस्टाने पाठव. फोटो नकोत, मला कागद बघायचाय.

आजींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
बाई