छतावरचे सोलर : पाहुण्यांच्या बिलावरून ठरवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून सौरऊर्जेविषयी त्याच त्या शंका वारंवार येत आहेत. त्यांतील बहुतेकांचे मूळ शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून किंवा विक्रेत्याकडून ऐकलेल्या अर्धवट माहितीत असल्यामुळे निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझे मेहुणे कागलला राहतात. त्यांनी ३ किलोवॅटचे सोलर बसवल्यापासून त्यांना बिल जवळजवळ येतच नाही. आम्हीही तेवढेच बसवावे का? आम्हाला अनुदान मिळेल का? (निपाणी)

उत्तर : अनुदान मिळेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना केंद्र सरकारची असल्यामुळे तिचे अनुदान महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत सारखेच आहे : १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये. ५ किलोवॅट बसवले तरी ७८,००० रुपयेच मिळतात, ही गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. ही रक्कम यंत्रणा सुरू झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते आणि त्यासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे असावे लागतात.

मात्र मेहुण्यांचे बिल तुम्हाला लागू पडणार नाही. कागल महाराष्ट्रातील महावितरणच्या आणि निपाणी कर्नाटकातील हेस्कॉम या वीज कंपनीच्या क्षेत्रात येते. विजेचे दर, नेट मीटरचे (आलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरचे) नियम आणि शिल्लक युनिटांना मिळणारा भाव दोन्ही राज्यांचे नियामक आयोग वेगवेगळे ठरवतात. आपल्या भागात १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज तयार होते, म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला साधारण ३५० युनिट. तुमचा वापर त्याच्या निम्माच असेल, तर उरलेली वीज तुम्ही कमी भावाने विकत राहाल. मंजूर भारावरचा स्थिर आकार तर द्यावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ हा शब्द जाहिरातीपुरताच समजावा. मागील बारा महिन्यांची बिले घेऊन आधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारा आणि मगच कोटेशन मागवा.

प्रश्न : कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिट मोफत मिळतात. मग सोलरवर पैसे कशाला घालायचे? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : सर्वांना २०० युनिट मोफत मिळतात, हा समज चुकीचा आहे. साधारणपणे २०२२-२३ मधील तुमचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के एवढाच तुमचा हक्क असतो; २०० ही त्याची कमाल मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यास त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. बिल नियमितपणे शून्य येत असेल, तर केवळ बचतीसाठी सोलर बसवण्याची आज घाई नको. उन्हाळ्यात एसी किंवा वर्षभर गिझर यांमुळे मर्यादा वारंवार ओलांडली जात असेल, तर मात्र हिशेब बदलतो. नेट मीटर घेतल्यावर तुमच्या जोडणीवर गृहज्योतीची आकारणी कशी होईल, हे अर्ज करण्यापूर्वी हेस्कॉमकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या स्लॅबवर पाणी तापवायचे सोलर आहे. त्यावर पंखे चालतील का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही, ते फक्त पाणी तापवते, वीज तयार करत नाही.

प्रश्न : लाईट गेली की आमचे सोलरही बंद पडते. जनरेटरची एक वायर जोडून दिली, तर इन्व्हर्टर चालू राहील, असे आमच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन म्हणतात. तसे करावे का? (येळ्ळूर)

उत्तर : करू नका, आणि असा सल्ला देणाऱ्या माणसाला पुन्हा मीटरच्या पेटीला हात लावू देऊ नका. तुमची यंत्रणा बिघडलेली नाही. बॅटरी नसलेला, लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईनमधील व्होल्टेज आणि वारंवारता सतत तपासत असतो आणि ती नाहीशी होताच स्वतःला बंद करून घेतो, कारण बंद लाईनवर कोणीतरी माणूस काम करत असण्याची शक्यता असते. जनरेटरचा पुरवठा दाखवून इन्व्हर्टरला फसवले आणि मेन स्विच किंवा चेंजओव्हर योग्य जागी नसेल, तर तुमच्या घरातील २३० व्होल्टची वीज उलट्या दिशेने गावातील ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, आणि जो ट्रान्सफॉर्मर एरवी ११,००० व्होल्ट उतरवून देतो, तोच मग ती वीज ११,००० व्होल्टपर्यंत चढवतो. वळवाच्या पावसात फांदी पडून तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या लाईनमनने खाली पुरवठा बंद केलेला असतो. तुमच्या गच्चीवरून वीज उलटी येत आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. अशा जोडणीत वापरापेक्षा जास्त तयार झालेली वीज जनरेटरमध्ये शिरून तोही निकामी होऊ शकतो, पण तो तोटा पैशांत भरून निघेल. लाईनमनचा जीव परत येणार नाही. सोलर बसवतानाच विक्रेत्याने ही गोष्ट ग्राहकाला सांगायला हवी, पण विक्री हातची जाईल या भीतीने ती टाळली जाते, हे मला अत्यंत गंभीर वाटते.

पूर्वीपासून घरात असलेला बॅटरीचा साधा इन्व्हर्टर तसाच राहू द्या. दिवे-पंख्यांना तो पुरतो. अधिक भार चालवायचा असेल, तर हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर, बॅटरी आणि केवळ आवश्यक उपकरणांसाठी वेगळे सर्किट असा मार्ग आहे. तो खर्चिक आहे आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावा. अर्थिंग आणि वीज-रोधकाची (आकाशातील विजेपासून बचाव करणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरची) तपासणी त्याच वेळी, पावसाळ्यापूर्वी करून घ्या.

प्रश्न : आमच्या शैक्षणिक संस्थेच्या परिसरात मोठी सौर यंत्रणा बसवण्याचा विचार आहे. एका कंपनीने बिल ८० टक्के कमी होईल, असे सांगितले आहे. (बेळगाव)

उत्तर : विद्यापीठ आणि महाविद्यालयांना सौरऊर्जा घरापेक्षाही अधिक मानवते, कारण प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालये आणि पाण्याचे पंप भर उन्हाच्या वेळीच चालतात आणि तयार झालेली वीज तिथल्या तिथे वापरली जाते. सलग मोठी छपरे असतात, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी प्रत्यक्ष चालणारी यंत्रणा मिळते. तरीही ८० टक्क्यांचा दावा तुमचे बिल तपासल्याशिवाय मान्य करू नका. उच्चदाब (एचटी) ग्राहकाच्या बिलात युनिटांखेरीज कमाल मागणीचा, म्हणजे महिन्यात एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भाराचा आकार असतो. महिन्यातल्या एखाद्या ढगाळ दुपारी मागणी वाढली, तरी तो पूर्ण लागतो. शिवाय सोलरमुळे लाईनवरून घेतलेली सक्रिय (प्रत्यक्ष कामी येणारी) वीज कमी होते आणि मोटारी-पंपांच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा प्रतिक्रियात्मक भार तसाच राहतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतील कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, घसरून दंड बसू शकतो. हे प्रमाण सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा विचार त्याच आराखड्यात व्हायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर आणि वर्ग रिकामे असतात, तर वसतिगृहांचा मोठा भार पहाटे आणि रात्री असतो. घरगुती अनुदान संस्थांना मिळत नाही. कंपनी स्वतःच्या खर्चाने यंत्रणा बसवून तुम्हाला वीज विकणार असेल, तर छपराची दुरुस्ती आणि मुदतपूर्व करार मोडणे यांविषयीची कलमे वकिलाकडून वाचून घ्या, इमारतीची मजबुती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासा आणि विद्युत निरीक्षणालयाची मंजुरी कोण आणणार, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : घर कौलारू आहे आणि पाऊस प्रचंड असतो. सोलर चालेल का? (खानापूर तालुका)

उत्तर : मंगळुरी कौलांखालच्या जुन्या वाशांवर पॅनेलचा भार आणि वाऱ्याचा ओढा टाकू नये, अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्याजवळ स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभारता येतो का, ते इंजिनिअरला दाखवा. पावसाळी महिन्यांत उत्पादन बरेच घटते, म्हणून वर्षाच्या एकूण युनिटांवरच हिशेब करावा.

प्रश्न : साखर कारखान्याची राख पॅनेलवर बसते. काय करावे? (चिकोडी)

उत्तर : गळीत हंगामात आठवड्यातून एकदा, पहाटे किंवा सायंकाळी, काच थंड असताना साध्या मऊ (कमी क्षारांच्या) पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे डाग काचेवर राहतात.

प्रश्न : पॅनेल बसून दोन महिने झाले, नेट मीटर अजून आलेले नाही. विक्रेता म्हणतो, तोपर्यंत असेच चालू करा. (बेळगाव तालुका)

उत्तर : चालू करू नका. अनेक जुने डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात, त्यामुळे बिल कमी होण्याऐवजी वाढेल. आणि मंजुरीशिवाय जोडलेली यंत्रणा नियमबाह्य ठरते. दोन महिने हा विलंब निमूटपणे सोसण्यासारखा नाही. अर्जाचा क्रमांक घेऊन सेक्शन ऑफिसात लेखी विचारणा करा, पोच घ्या, १९१२ वर तक्रार नोंदवा, आणि विक्रेत्याची शेवटची रक्कम मीटर बसून यंत्रणा रीतसर सुरू होईपर्यंत देऊ नका.