दत्तक गेलेल्या मुलांच्या फायली लावताना

सप्रेम नमस्कार,

अनाथालयाच्या माळ्यावरच्या जुन्या फायली लावायचं काम तू अंगावर घेतलंस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, स्कॅनर कोणता घेऊ? स्कॅनर राहू दे. आधी प्रवेश नोंदवही शोध. मूल कोणत्या तारखेला आलं, कोणी आणलं, अंदाजे वय, संस्थेनं ठेवलेलं नाव आणि शेवटी 'शेरा'. बाकी सगळं हरवलं तरी या एका ओळीवरून माग काढता येतो. एकाच मुलाची तीन नावं असतात: संस्थेतलं, कोर्टाच्या कागदातलं आणि नव्या आईवडिलांनी ठेवलेलं. तिन्हींना जोडणारा धागा म्हणजे नोंदवहीतला क्रमांक. म्हणून प्रत्येक फायलीवर आधी तोच क्रमांक टाक.

फाईल उघडण्यापूर्वी ती आहे तशी मोबाइलवर टिपून ठेव. मग आहेत त्याच क्रमानं पानांना उजव्या खालच्या कोपऱ्यात टू-बी (मऊ शिशाच्या) पेन्सिलीनं क्रमांक घाल. बॉलपेन नको, शाई फुटते. कागद 'नीट लावून' घ्यायचा मोह आवर. नर्सनं पाकिटाच्या पाठीवर खरडलेलं 'निळं झबलं, कपाळाला काजळाचा ठिपका, चर्नी रोड स्टेशन' अशासारखं काही असलं, तर तो टाकाऊ कागद नव्हे; त्या मुलाच्या सुरुवातीबद्दल जगात तेवढंच शिल्लक असू शकतं. गंजलेली टाचणी ओढू नकोस, कागद फाटतो. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकव, बोथट सुरीनं टोकं उचल आणि मग काढ. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही बंद. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन एकदा केलं की सुटत नाही.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती बहुतेक त्याच्या वरच असते. रॅक लोखंडी हवा, जमिनीपासून सहा इंच वर आणि पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर. फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधल्या की आतली ओल आतच राहते. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी दूर राहील, बुरशी नाही. फाईल भिजलीच तर 48 तासांच्या आत पानापानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळव. उन्हात नको, इस्त्री तर नकोच.

जुन्या फायलींत 'दत्तकपत्र' सापडत नाही म्हणून गोंधळू नकोस. दत्तकाचा 1956चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. परदेशी किंवा इतर धर्मांच्या पालकांना मूल मिळायचं ते 1890च्या पालकत्वाच्या कायद्याखाली, म्हणजे कागद पालकत्वाच्या अर्जाचे असतात. परदेशी गेलेल्या मुलाचं दत्तकविधान त्या देशात जाऊन पुरं व्हायचं. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात 1984मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले, त्यानंतर घराचा पाहणी अहवाल, मुलाचा अहवाल, नंतरची फोटोंसकट प्रगतीपत्रं असं बरंच जमा होऊ लागलं. त्या फोटोंना पीव्हीसी प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नकोस.

पत्ते जसे लिहिलेत तसेच उतरव, आजचं नाव शेजारी कंसात दे. तुळशी पाइप रोड आज सेनापती बापट मार्ग आहे आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन 2018पासून प्रभादेवी.

आता स्कॅन. 400 डीपीआय (दर इंचाला 400 ठिपके), रंगीत, दोन्ही बाजू, टिफ या चित्रफायलीच्या प्रकारात. फायलीचं नाव म्हणजे क्रमांक. मुलाचं नाव त्यात कधीही नको. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात. तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. व्हॉट्सॲपवर 'ओळखता का?' म्हणून फोटो टाकणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली मुलाची ओळख उघड केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुळांचा, म्हणजे आपल्या जन्मदात्यांचा, शोध घ्यायला कोणी आलं तर? अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसह. तिसऱ्या माणसाला दारातूनच परत पाठव, मग तो कितीही कळवळ्यानं बोलो. जन्मदात्रीनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं हे सांगता येतं. म्हणून त्या परिस्थितीच्या कागदाची प्रत फायलीत वर, चटकन हाती लागेल अशी ठेव.

संस्थेतल्या जुन्या आया, मावश्या हयात आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घे; आधी लेखी संमती, मग रेकॉर्डिंग. थेट मुलाबद्दल विचारू नकोस. पाळणे कुठे असायचे, रात्रपाळीला कोण असायचं, दूध किती वाजता यायचं, इथून सुरू कर. नावं आपोआप येतात. मावशीची आठवण आणि नोंदवही जुळली नाही तर नोंदवहीत खाडाखोड नको. कोणी, कधी, काय सांगितलं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच क्रमांकाखाली ठेव.