बॅटरी काढण्याआधी बोर्ड ओळखा

प्रश्न : माझ्याकडे जुन्या आर्केड गेमचे दोन बोर्ड आहेत, एक निओ जिओ एमव्हीएसचा आणि दुसरा कॅपकॉमच्या सीपीएस-२ चा. दोन्हींवर बॅटरी आहे. पहिलीतून हिरवट काहीतरी झिरपलंय, दुसरी ठीक दिसते. मित्र म्हणतो, दोन्ही काढून टाक आणि मगच बोर्ड ठेवून दे. तसं करू का?

उत्तर : निओ जिओची आजच काढा. सीपीएस-२ च्या बॅटरीला मात्र हे पूर्ण वाचल्याशिवाय हात लावू नका.

निओ जिओवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फक्त सेटिंग, नाण्यांचा हिशोब आणि स्कोअर सांभाळते. ती गेली तरी गेम जसाच्या तसा चालतो. तिच्यातून झिरपणारा अल्कलीयुक्त द्रव मात्र बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खातो. बॅटरी काढल्यावर ती जागा पातळ व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि सुकल्यावर मल्टिमीटरने एकेक ट्रॅक तपासा.

सीपीएस-२ ची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आधीच्या सीपीएस-१ या सिस्टिमवरच्या ‘स्ट्रीट फायटर टू’च्या नकला सगळीकडे पसरल्या होत्या. १९९३ साली नवी सिस्टिम आली, तेव्हा कॅपकॉमने रॉममधल्या, म्हणजे गेम साठवलेल्या चिपमधल्या, प्रोग्रॅमच्या सूचनाच कूटबद्ध करून टाकल्या. त्या उलगडणारी किल्ली रॉममध्ये नाही. ती एका खास चिपमधल्या छोट्याशा मेमरीत आहे आणि त्या मेमरीला जिवंत ठेवते ती ही बॅटरी. बॅटरी संपली की रॉम शाबूत राहतात, पण प्रोसेसरला त्यातलं काहीच कळेनासं होतं आणि पडद्यावर नुसता एक रंग भरून राहतो.

तो एकरंगी पडदा मी स्वतःच्या हाताने आणलेला आहे. सुरुवातीच्या काळात एका बोर्डची बॅटरी मी साध्या बॅटरीसारखी काढली, सावकाश नवी सोल्डर केली आणि बोर्ड चालू केला. सगळा पडदा निळा. रात्रभर एकेक रॉम काढून वाचला, सगळे बरोबर निघाले. चूक कुठेच सापडत नव्हती, कारण हरवलेली गोष्ट त्या रॉममध्ये कधी नव्हतीच. त्या बोर्डची हळहळ मला अजून आहे.

आज तो बोर्ड वाचला असता. २००७ साली आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी ही कूटपद्धत उलगडली. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्ली बोर्डवर परत कशी भरायची तेही दाखवून दिलं. किल्ली अवघी २० बाइटची. बोर्डच्या कनेक्टरला वायर जोडून छोट्या मायक्रोकंट्रोलरने ती भरता येते. त्याआधी मेलेल्या बोर्डवर उलगडलेल्या प्रोग्रॅमचे नवे रॉम बसवावे लागत. त्याने गेम चालतो, पण मूळ रॉम जागेवर राहत नाहीत, म्हणून मला तो मार्ग कधीच पटला नाही.

‘ठीक दिसते’ यावर विसंबू नका. ही लिथियमची बॅटरी आयुष्यभर जवळपास ३.६ व्होल्टच दाखवते आणि शेवटी एकदम कोसळते. मल्टिमीटरवर ३.६ दिसलं म्हणजे ती आज जिवंत आहे, एवढंच कळतं. पुढचं काही नाही. नव्वदच्या दशकातली मूळ बॅटरी असेल तर ती बदलायलाच हवी.

पण क्रम पाळा. आधी किल्ली आणि ती भरायची जोडणी तयार ठेवा, मग जुनी बॅटरी काढा. नवी थेट सोल्डर न करता होल्डरमध्ये बसवा. दरवेळी बोर्ड चालू होताच किल्ली भरणारं छोटं सर्किटही आता मिळतं. ते बसवलं की बॅटरीच लागत नाही. मी आता तेच बसवतो.

मित्राचा नियम सेगाच्या जुन्या बोर्डांनाही लावू नका. तिथल्या एफडी-१०९४ नावाच्या चिपमध्ये प्रोसेसर, किल्ली आणि बॅटरी एकाच आवरणात बंद असतात. बोर्डवर बॅटरी दिसली नाही म्हणजे ती नाही, असं होत नाही.

सीपीएस-२ ची किल्ली शोधताना बी बोर्डच्या (ज्यावर गेमचे रॉम असतात तो बोर्ड) लेबलवरचं गेमचं नाव आणि प्रदेश दोन्ही उतरवून घ्या. एकाच गेमच्या जपानी आणि अमेरिकी आवृत्तीची किल्ली वेगळी असते.