माहिती अधिकारात ग्रामपंचायतीने 'रस्त्याच्या कामाची फाईल सापडत नाही' असं लेखी कळवलं आहे. आता काय करावं?

अपील कराच. 'फाईल सापडत नाही' हे कायद्याच्या लेखी उत्तरच नाही. माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत, त्यात फाईल गहाळ होणं बसत नाही. विश्वास भांबुरकर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं आहे, की कसून शोधा आणि तरी मिळाली नाही तर जबाबदारी निश्चित करा.

मात्र 'संपूर्ण फाईल द्या' असा मोघम अर्ज पुन्हा करू नका. मोघम मागणीला नाही म्हणणं सोपं जातं. पैसा गेला त्या वाटेने उलटे या. रोकड वही गहाळ आहे असं सहसा कोणी म्हणत नाही, कारण लेखापरीक्षणात ती दाखवावीच लागते. तिच्यात ठेकेदाराला दिलेली रक्कम आणि व्हाउचर क्रमांक मिळेल. व्हाउचरसोबतच्या देयकावर मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक आणि पान असतं. त्या पानावर लांबी, रुंदी, जाडी, मोजमापाची तारीख आणि अभियंत्याची सही. जाडीचा आकडा टिपून घ्या आणि रस्त्याच्या तुटलेल्या कडेला पट्टी लावून बघा. पुस्तिका बहुधा बांधकाम उपविभागात असते, तिथे वेगळा अर्ज टाका.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'का' विचारू नका, कागद मागा. आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद पाहणं, मागा, मग हव्या त्याच पानांच्या प्रती घ्या. 2018 च्या शासन परिपत्रकानुसार सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात, पण लेखी पुरावा हवा असेल तर अर्ज हवाच.

थेट उपोषणाला बसा, असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. मला तो कधीच पटला नाही. उपोषणाने चौकशीचं आश्वासन मिळतं, मोजमाप पुस्तिकेचं पान मिळत नाही.

प्रथम अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. ग्रामपंचायतीसाठी अपिलीय अधिकारी बहुतेक ठिकाणी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी असतात, तरी तुमच्या उत्तराच्या पत्रात नाव तपासा. शोध कुठे कुठे घेतला याचा लेखी अहवाल आणि अभिलेख शेवटचा कोणाच्या ताब्यात होता ते मागा. दंड मागण्यात तिथे शब्द घालवू नका. रोजचे 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड फक्त माहिती आयोग करू शकतो. त्यासाठी दुसरं अपील 90 दिवसांत करावं लागतं आणि आयोगात प्रकरणं तुंबलेली आहेत, म्हणून कागद पहिल्या अपिलातच पदरात पाडून घ्या.