घरातल्या दोन कुत्र्या अचानक एकमेकींवर धावून जायला लागल्या, काय करू?

चार वर्षांची लॅब्रॅडॉर आणि दीड वर्षाची इंडी (आपली देशी कुत्री), आजवर गुण्यागोविंदाने राहिल्या आणि आता जेवणाच्या वेळी भिडतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी थोरलीला पशुवैद्याकडे न्या. सांधे, कान किंवा दात दुखत असतील तर धाकटीचा साधा धक्काही तिला सोसत नाही. शिवाय एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्री प्रौढ होतात. पिल्लाचं जे खपून जायचं ते आता खपत नाही. दोन माद्यांमधली भांडणं बहुधा जास्त चिवट असतात.

आजपासून जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून. वाट्या रिकाम्या झाल्या की लगेच उचला, चघळायची हाडंही. फ्लॅटमध्ये खरी ठिणगी पडते ती अरुंद जागेत: बेल वाजते, दोघी दाराकडे धावतात, पॅसेजमध्ये अंगाला अंग लागतं. तिथे बेबी गेट, म्हणजे लहान मुलांना अडवायला लावतात ते बुटकं फाटक, लावा.

अंग ताठ होणं, एकटक बघणं, तोंड घट्ट मिटणं दिसलं की लगेच एकीला हाक मारून बाजूला घ्या. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही ओरडू नका. तो इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी थेट चावा येतो.

जुंपलीच तर गळपट्ट्याला हात घालू नका, मध्ये जाड चादर किंवा पाट सरकवा. तुम्हाला चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा, कुत्रीचं लसीकरण झालेलं असलं तरी.