खिशातील घडीचा चाकू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहे. ठिबकची नळी कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, घडावरच्या पिशवीची दोरी तोडणे आणि दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरणे अशी बारीकसारीक कामे दिवसभर निघतात. त्यासाठी कायम खिशात राहील असा परदेशी बनावटीचा घडीचा चाकू, हजार-बाराशे रुपयांच्या आत, घ्यावा असे मनात आहे. जळगावला दुकानांतून फिरलो, मोबाइलवरही पाहिले. सगळ्यांवर ‘स्टेनलेस स्टील’ आणि ‘टॅक्टिकल’ एवढेच लिहिलेले असते. चिरंजीव म्हणतात, पोलाद पाहा. दुकानदार म्हणतो, लॉक पाहा. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे, परंतु बाराशे रुपयांत दोन्ही गोष्टी उत्तम मिळणे कठीण असल्यामुळे कोणाला झुकते माप द्यायचे हे ठरवावे लागते, आणि माझे मत दुकानदाराच्या बाजूने पडते. बोथट झालेली धार आपण बांधावर बसल्या बसल्या परत आणू शकता. पाते आणि मूठ जिथे जोडलेली असतात तो सांधा मुळातच ढिला असेल, तर तो ना आपल्याकडून दुरुस्त होतो ना गावच्या लोहाराकडून. शिवाय बोथट चाकू फक्त वैताग देतो, तर सांधा दगा देणारा चाकू टोकावर जोर दिल्याबरोबर उलटा मिटतो आणि मिटताना पाते मूठ धरलेल्या बोटांवरच येते.

स्वस्त चिनी चाकूंत बहुधा ‘लायनर लॉक’ असते. मुठीच्या आत पोलादाची एक पातळ पट्टी असते. पाते पूर्ण उघडले की ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून त्याला मागे येऊ देत नाही. दुकानात चाकू उघडून ही पट्टी उजेडात नीट पाहावी. पात्याच्या बुडाच्या जाडीपैकी निदान पाव ते अर्ध्या भागावर ती टेकलेली असावी. नुसती कडेला चिकटलेली असेल तर तो चाकू तिथेच ठेवून द्यावा. मग मूठ घट्ट धरून पात्याला दोन बोटांच्या चिमटीने डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावे. डावी-उजवीकडचा किंचित खेळ सांध्याचा स्क्रू आवळल्याने जातो. वर-खालीचा खेळ मात्र लॉकमधला दोष असतो आणि तो कशानेही जात नाही. नंतर बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने मूठ धरून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दोन-तीनदा आपटावी. लॉक सुटले तर दुकानदार कितीही म्हणो की ‘एवढे कोण आपटतो’, आपण पैसे खिशात ठेवावेत. शेवटी चाकू मिटून, पाते ज्या बाजूने बाहेर येते ती बाजू जमिनीकडे करून झटका द्यावा. त्याने पाते बाहेर डोकावत असेल, तर ते एक दिवस खिशातही डोकावेल.

ऑनलाइन खरेदीत हे काहीच करता येत नाही. म्हणून परत करण्याची सोय असेल तरच मागवावा, आणि घरी आल्या दिवशीच, वेष्टन फेकण्याआधी, वरील तपासण्या करून घ्याव्यात. वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे वैधमापनशास्त्राच्या २०११च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे तपशील नसतील तर तक्रार कोणाकडे करणार? कोऱ्या खोक्यातला चाकू कितीही देखणा असला तरी मी तो घेणार नाही.

आता चिरंजिवांच्या मुद्द्याकडे येऊ. ‘स्टेनलेस स्टील’ या शब्दांनी काहीच कळत नाही, कारण चमच्याचे पोलादही स्टेनलेसच असते. ‘सर्जिकल स्टील’ ही विक्रीची भाषा आहे. पोलादाचे नेमके नाव छापलेले असेल तरच त्याला अर्थ आहे. चिनी नावांत पहिला आकडा कर्बाचे प्रमाण सुचवतो आणि कर्बावर पोलादाला येणारा कडकपणा बऱ्याच अंशी अवलंबून असतो. ‘३सीआर१३’ म्हणजे साधारण ०.३ टक्के कर्ब आणि १३ टक्के क्रोमियम. हे पोलाद गंजत नाही, पण त्याची धार सुतळीची दोन-चार बंडले कापली की बसते. ‘५सीआर१५एमओव्ही’ कामचलाऊ आहे. ‘८सीआर१३एमओव्ही’मध्ये कर्ब ०.८ टक्क्यांच्या आसपास असतो आणि पाणी नीट दिलेले असेल (म्हणजे पोलाद तापवून, बुडवून नीट कडक केलेले असेल) तर त्याची कठीणता रॉकवेल मापावर ५७ ते ५९ भरते. आपल्या रकमेत हे पोलाद मिळाले तर आणखी शोधू नये. नुसते ‘४४०’ लिहिलेले असेल तर सावध राहावे, कारण ४४० या नावाखाली ए, बी आणि सी असे तीन प्रकार येतात, त्यांतला सी हा सर्वांत जास्त कर्बाचा असतो, आणि ज्याच्याकडे सी असते तो ते अक्षर छापायला सहसा विसरत नाही. ‘डी२’ धार फार टिकवते, पण पूर्णपणे गंजरोधक नाही आणि साध्या दगडावर दाद देत नाही. घाम, केळीचा चीक आणि कांदा यांत वापरायच्या चाकूसाठी मी ते सुचवणार नाही. अर्थात नाव काहीही असले तरी पोलादाला पाणी कसे दिले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चाकू घडवणाऱ्याच्या नावाला महत्त्व येते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग हे चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध शहर आहे आणि सॅनरेनमू, गान्झो यांसारख्या चिनी कंपन्या आपल्या मालावर पोलादाचे नाव देतात. जो आपले नाव पात्यावर कोरतो, त्याला निदान ते नाव राखायचे असते.

पात्याची जाडी हा मुद्दा ग्राहक बहुधा विसरतात. जाड पाते हाताला दणकट वाटते, परंतु साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पात्याने कांदा चिरण्याऐवजी फाकतो आणि १६ मिलिमीटरची ठिबकची नळी कापताना चेपून तिरकी होते. आपल्या कामांना दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, साडेसात-आठ सेंटिमीटर लांबीचे, सरळ धारेचे पाते पुरेसे आहे. अर्धी धार करवतीसारखी दातेरी असलेले चाकू दोरीला चांगले, पण ते दाते साध्या दगडावर लागत नाहीत. काळा लेप दिलेले पातेही टाळावे. लेप उडू लागला की त्याचे कण भाकरीबरोबरच्या कांद्यात जातात.

चिनी मालाबाहेर पाहायचे असेल तर फ्रान्सच्या सव्हॉय भागातील ओपिनेलचा विचार करावा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी घडवलेला हा चाकू आजही बीच लाकडाची मूठ, पातळ पाते आणि एक खीळ एवढ्यावरच उभा आहे. १९५५ पासून त्याला मानेशी फिरणारे एक कडे बसवले जाते; ते फिरवले की पाते अडकते, आणि त्यात ढिली पडणारी स्प्रिंग नाही. हे कडे सहा नंबरपासून पुढच्या आकारांना असते. सहा नंबरचे पाते ७ सेंटिमीटर, आठ नंबरचे साडेआठ. आठ नंबर बहुधा आपल्या मर्यादेबाहेर जाईल, परंतु थोडी झळ सोसून तो घेतला तर मला चूक वाटणार नाही. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे पोलाद ५६ रॉकवेलच्या आसपास ठेवलेले असते, म्हणजे धार लवकर जाते आणि लवकर येतेही. पण त्यांच्या बहुतेक खिशातल्या चाकूंना लॉक नसते, पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभे राहते, त्यामुळे टोक खुपसण्याच्या कामाला ते वापरू नयेत.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. केळीची पिले कापणे किंवा घड उतरवणे हे घडीच्या चाकूचे काम नाही. त्यासाठी गाडीच्या कमानपट्ट्यापासून लोहाराने घडवलेला विळा आणि कोयता आपल्याकडे असेलच. त्याची बरोबरी कोणताही परदेशी खिशातला चाकू करणार नाही.

प्रश्न : आमच्या नानांना (माझ्या सासऱ्यांना) त्यांच्या भाच्याने फ्रान्सहून लाकडी मुठीचा, कार्बन पात्याचा चाकू आणून दिला. लिंबू-कांदा कापला की पाते काळे पडते, आणि पावसाळ्यात चाकू उघडतच नाही. आता धारही गेली आहे. अमळनेरला दारावर धार लावणारा येतो, त्याच्याकडे द्यावा का? पाते घासून पुन्हा पांढरे करावे का?

उत्तर : वर्णनावरून हा वर सांगितलेला ओपिनेलच दिसतो. काळे पडणे हा कार्बन पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या पोलादाचा, स्वभाव आहे. कांद्या-लिंबातील आम्ल आणि फळांतील टॅनिन यांची लोखंडावर क्रिया होऊन करडा-काळा थर बसतो. तो निरुपद्रवी असतो आणि खालच्या पोलादाला थोडेफार संरक्षणही देतो, म्हणून तो घासून काढू नये. तांबूस, हाताला लागणारा गंज मात्र लगेच काढावा. वापर झाला की पाते धुऊन कोरडे पुसावे, इतके केले तरी तो बहुधा येत नाही. केळीचा चीक ओला असतानाच पुसावा. वाळल्यावर नुसत्या पाण्याने तो निघत नाही, तेलाचा बोळा फिरवावा लागतो. सांध्यात मात्र गोडेतेल घालू नये, ते काही दिवसांत चिकट होते आणि शेतातली माती धरून ठेवते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात पुरतो. पात्यावर आलेले तेल पुसून टाकावे.

पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते. नखाने ओढत बसण्यापेक्षा कडे मोकळे करून, मिटलेल्या चाकूच्या मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटावे. पाते थोडेसे वर येते आणि मग चिमटीत धरता येते. ही युक्ती खुद्द सव्हॉयमधलीच आहे. चाकू पाण्यात भिजत ठेवू नये, आणि धुतल्यावर मिटून न ठेवता उघडाच सावलीत वाळू द्यावा. वैशाखात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, हीच मूठ आकसून पाते सैल वाटू लागेल. त्याची काळजी करू नये.

धार लावणाऱ्या दादांविषयी आदर राखून सांगतो की त्यांच्याकडे विळी आणि अडकित्ता द्यावा, हा चाकू देऊ नये. त्यांच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात तापते. ठिणग्यांचा झोत थांबल्यावर धारेलगत निळसर झाक दिसली, तर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास पोचले असे समजावे; तेवढा भाग मऊ पडतो आणि तिथली धार पुन्हा टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूला ४०० (खरखरीत) आणि दुसऱ्या बाजूला १००० (बारीक) नंबर असलेला दगड मिळतो, तो आणावा. दगड ओला करून पाते आधी त्यावर काटकोनात उभे धरावे, तो कोन अर्धा करावा आणि पुन्हा अर्धा करावा. जो कोन उरतो तो साधारण बावीस अंशांचा असतो आणि आपल्याला तोच हवा आहे. तो न बदलता ४०० नंबरवर एका बाजूने घासत राहावे. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेबाहेर जाईल असा अंगठा हलकेच फिरवल्यावर पलीकडच्या बाजूला बारीक कुसळासारखी कड जाणवू लागली की बाजू बदलावी. मग हेच १००० नंबरवर, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, पाते आठ-दहा वेळा ओढावे. ही कुसळासारखी कड येण्याआधीच बाजू बदलणे ही सर्वांची चूक असते. त्यामुळे तासभर घासूनही धार येत नाही आणि दोष दगडाला दिला जातो.

प्रश्न : मी शहाद्याचा विद्यार्थी आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत बटण दाबताच उघडणारा, पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेला ‘दमास्कस’ चाकू पाचशे रुपयांना मिळत होता. तो घ्यावा का, आणि असा चाकू खिशात ठेवणे कायद्याला चालते का?

उत्तर : घेऊ नये. खरे दमास्कस पोलाद वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून घडवतात आणि ती मेहनत पाचशे रुपयांत होत नाही. या किमतीची नक्षी पात्यावर वरून उमटवलेली असते. बटणाचा चाकू तर कापण्यासाठी घेतला आहे हे कोणाला पटवून देणे अवघड जाते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश शस्त्रांच्या प्रवर्गात केलेला आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी घडवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. तीन-साडेतीन इंची घडीचा चाकू या मापाच्या बराच आत राहतो. परंतु सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यांत सुऱ्यांबरोबर लाठ्यांचाही उल्लेख असतो, आणि त्या वेळी माप दाखवून सुटका होत नाही. मिरवणूक, सभा, न्यायालय, महाविद्यालय आणि परीक्षा केंद्र येथे जाताना चाकू घरीच असावा. विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनला सोपवायच्या बॅगेत, धार नीट गुंडाळून, ठेवावा.