आदिवासी पाड्यांसाठी ऑडिओ-व्हिडिओ बनवताना त्यांच्या संस्कृतीचा मान कसा राखायचा?

तुम्ही विचारलंय की संस्थेकडून आदिवासी पाड्यांसाठी आरोग्याचे व्हिडिओ आणि ऑडिओ क्लिप करायच्यात, तर कोणाचं मन न दुखवता कसं करायचं. मी पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे वारली पाड्यांवर हे काम सहा वर्षं केलंय म्हणून तिथलंच सांगते, गडचिरोलीत माडिया लोकांत किंवा मेळघाटात कोरकूंमध्ये रीत वेगळी, तिथलं तिथल्याच माणसांना विचारा.

आधी गाण्याचं सांगते कारण तिथेच आम्ही मोठी चूक केली. एका लग्नात धवलेरीचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. धवलेरी म्हणजे वारल्यांमध्ये लग्न लावणारी बाई, विधीची गाणी तीच म्हणते. ते ऐकायला इतकं गोड होतं की पुढे हात धुवायच्या व्हिडिओला आम्ही तेच मागे लावून टाकलं. पाड्यावर दाखवला तर एक आजी मधूनच उठून गेली. संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसले, बराच वेळ ती तांदूळ पाखडत राहिली आणि मग म्हणाली, मांडव नाही, चौक नाही, नवरा-नवरी नाही, मग देवाला हाक कशाला मारलीत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावला. तेव्हापासून कुठलंही गाणं घेण्याआधी आम्ही विचारतो की हे कधी म्हणतात, कोण म्हणतं आणि एरवी वाजलं तर चालेल का. कामाची, लहान मुलांना झोपवायची गाणी लोक आपणहून देतात.

लग्नाच्या चौकाचंही तेच. चौक म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते पालघट देवीचं चित्र. ते सवाशिणी काढतात, तो विधी आहे, नेटवरून उचलून थंबनेलला लावायची डिझाईन नाही. चित्र हवं असेल तर पाड्यावरच्याच चित्रकाराला पैसे देऊन काढून घ्या.

भाषेबद्दल, शेजारशेजारच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर असे वेगवेगळे लोक असतात आणि सगळ्यांची बोली एक नाही, त्यामुळे पुस्तकी मराठीत लिहून नंतर भाषांतर करू नका, गावच्या आशाताईला विषय समजावून सांगा आणि तिला तिच्या शब्दांत बोलू द्या, पहिल्या वाक्यालाच फरक कळतो.

आणि प्लीज, कुपोषित पोराचा उघडा फोटो नको. १९९२-९३ मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले तेव्हापासून या भागाचं बाहेर एवढंच चित्र दाखवलं गेलंय. त्या पोराची आई तोच व्हिडिओ बघणार असते हो!

परवानगी इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन होत नाही. आधी पाड्यावर बैठक घ्या, काय करणार, कुठे दाखवणार, यूट्यूबवर जाणार का हे स्पष्ट सांगा, आणि एडिट झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच दाखवा, नको म्हणाले तर तो भाग कापा. ज्यांचा दिवस मोडला त्यांना मजुरी द्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शूटिंग ठेवू नका, दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर निघून जातात, म्हणजे मधले थोडेच आठवडे हाताशी असतात. बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते, म्हणून मेमरी कार्डवर भरून द्या, पोरं ब्लूटूथने पुढे पाठवतात, आणि एक कॉपी ज्यांचा आवाज घेतलाय त्यांच्या घरी ठेवा.